ज्वारीच्या मापाची अक्षरं

शोकसभेच्या फ्लेक्सवर भाऊंचं नाव भाऊंच्याच अक्षरांत छापलेलं होतं, आणि ती अक्षरं आडवी ताणलेली होती.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्लेक्स बनवणाऱ्याकडे जागा उरली की तो अक्षरांना दोन्ही टोकांना धरून ओढतो, आखूड चादर ओढावी तसा. उभ्या रेघा सुजतात, वाटोळी पोटं चपटी होतात. कॉम्प्युटरवर चुटकीचं काम आहे. भाऊ जिवंत असते तर खुर्चीवर चढून त्यांनी तो फ्लेक्स उतरवला असता, मग सभा होवो की न होवो. एका लग्नात त्यांनी हे केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वरात दारात आलेली, नवरदेव घोड्यावर, आणि हे स्टुलावर उभे राहून 'सुस्वागतम'ची दोरी सोडतायत. नवरीचा बाप हात जोडून म्हणत होता, "भाऊ, पाव्हणे येऊन राहिले ना!" भाऊ वरूनच म्हणाले, "येऊ दे की. पण असं लठ्ठ सुस्वागतम पाहून थे वापस जातीन."

शोकसभेत लोक चांगलं बोलले. कोणी अक्षरमहर्षी म्हणालं, कोणी अक्षरसम्राट. मलाही बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. जे राहिलं ते इथं लिहिते.

अकोल्याच्या जठारपेठेत सगळे त्यांना भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कुठल्याच वंशावळीत बसणार नाही, पण तिथं बसलं होतं. पहिल्या दिवशी मी 'सर' म्हणून पाहिलं. "सर शायेत असतात," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

त्यांनी कामाला सुरुवात केली जिनिंग प्रेसमध्ये. कापसाच्या गाठीवर मार्का उमटवायला पत्र्याचा कापलेला साचा लागतो, ते साचे कापायचं काम. पुढे बियाण्याच्या कापडी थैल्यांवरची नावं, मग सिनेमाचे बोर्ड, मग दुकानांच्या पाट्या. मधे वर्षभर मुंबईच्या कलाशाळेतही होते. परत का आले, याची त्यांच्याकडे दोन उत्तरं होती. बाहेरच्यांसाठी, "तिथलं पाणी मानवलं नाई." आमच्यासाठी, "तिथी अक्षर भित्तीवर टांगाले काढतात. मले थैलीवरचं येत होतं."

आज अकोल्याहून अमरावतीला बसनं या. कृषी केंद्रं, मंगल कार्यालयं, दवाखाने, पानठेले. जिथं जिथं 'अ' भाकरी थापायला बसलेल्या बाईसारखा ऐसपैस बसलेला दिसेल, तिथं भाऊंचा हात आहे, किंवा त्यांच्या हातावरून उचललेला हात आहे. त्यांच्या अंगणातल्या मागच्या भिंतीवर त्यांनी अख्खी बाराखडी रंगवून ठेवली होती. वाशीम, दर्यापूर, कुठून कुठून पेंटर यायचे, बटर पेपर लावून छापा उचलायचे, काकूंच्या हातचा चहा प्यायचे आणि जायचे. फाटकाला कडी सुद्धा नव्हती. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, हे लोक तुमचा माल चोरून राहिले." भाऊ म्हणाले, "बाराखडी काय माह्या बापानं घडवली? मीही उचलूनच आणली. फक्त जराक धुतली."

पुढे हीच अक्षरं कॉम्प्युटरवर गेली, तिथून मोबाईलमध्ये. आता पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं मला फोन करून विचारतात की भाऊंच्या विचारामागचं सूत्र काय होतं. सूत्र होतं. ते काकूंच्या कोठीत होतं. ज्वारी.

भाऊ पुठ्ठ्यातून हातभर उंचीची अक्षरं कापायचे आणि फरशीवर शब्द मांडायचे. मग शेजारशेजारच्या दोन अक्षरांमधे जी रिकामी जागा राहते, तीत ज्वारी ओतायचे. काठोकाठ भरली की ती गोळा करून वाटीत मोजायची. मग पुढची दोन अक्षरं, पुन्हा वाटी. इथं अर्धी मावली आणि तिथं पाऊण, तर अक्षरं सरकवायची. 'क' आणि 'र'च्या मधे जेवढी ज्वारी, तेवढीच 'ट' आणि 'म'च्या मधे. नजरेला दगा होतो, दाण्याला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू दारातून म्हणायच्या, "अवो, दळण टाकाचं हाये. तुमचा शब्द झाला असन तं ज्वारी द्या." मोजून झालेली ज्वारी खरंच चक्कीवर जायची. त्या घरची भाकर मी किती वर्षं खाल्ली! कोणकोणत्या शब्दांच्या मधली होती, कोण जाणे.

माणसंसुद्धा त्यांना अक्षरांसारखी दिसायची. शेजारचे रिटायर्ड तहसीलदार म्हणजे 'ठ', कारण गच्च पोट आणि मान नाही. दूधवाला 'ड', नेहमी एका पायावर. एकदा त्यांनी स्वतःच्या जावयाला तोंडावर सांगितलं, "तुमी 'फ' हाये. हात बाहेर काढल्याबिगर तुमाले उभंच राहता येत नाई." पोरगी आठ दिवस बापाशी बोलली नाही. मी कोण, असं मी कधीच विचारलं नाही. एवढी अक्कल मला होती.

आणि त्यांचा 'ळ'! आम्ही वऱ्हाडी लोक तोंडानं 'ळ' म्हणतच नाही. डोये म्हणतो, शाया म्हणतो. पण भाऊंनी सगळ्यात जास्त कागद 'ळ'वर घालवले. मी विचारलं, "भाऊ, जे आपण बोलतच नाही त्याच्यावर एवढी मेहनत काहून?" म्हणाले, "पाव्हणा कधी मधी येते. त्याले गादी चांगली द्या लागते."

'छान' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "चालते." ते मला मिळायला तीन वर्षं लागली आणि तेही एका अनुस्वारासाठी.

मी मूर्तिजापूरची. आईवडील दोघंही मजुरीवर. आमच्या गल्लीतल्या विहाराच्या ओट्यावर अभ्यास करून मी बीएस्सी झाले, घरातली पहिली. हे मी कोणालाही न विचारता सांगते, कारण सांगायची गोष्टच आहे ती. भाऊंना स्वतः काढलेली अक्षरं कॉम्प्युटरवर चढवणारं माणूस पाहिजे असं कळलं, म्हणून मी प्लास्टिकच्या फाईलमध्ये सगळी सर्टिफिकिटं घालून जठारपेठेत गेले. त्यांनी डिग्री हातात घेतली. मला वाटलं, मार्क पाहतायत. ते म्हणाले, "हे 'विद्यापीठ' कोणं काढलं वं? वेलांटी पडून राहिली पाय."

डिग्री बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण लिवते?"

"मी आणि लहान भाऊ. वडील सही करतात."

"लिवतात का काढतात?"

हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. माझे वडील सही काढायचे. कोणीतरी त्यांना त्यांचं नाव चित्रासारखं शिकवलं होतं. आधी वरची रेघ ओढायचे आणि मग तिच्यावर एकेक अक्षर वाळत घालायचे. त्यातलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं असतं तर त्यांना ओळखता आलं नसतं. मला आयुष्यभर त्या सहीची लाज वाटत आलेली. मी खाली पाहून म्हटलं, "काढतात."

"काढून दाखव, तुहा बाप काढते तशी."

मी काढली. वरच्या रेघेपासून. भाऊंनी त्या वरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग तुहा बाप माह्या लायनीतला हाये. मीही लिवत नाई. काढतोच." आणि आत ओरडले, "अवो, चहा टाका. पोरगी कामावर लागली."

त्या सहीवरचा लाजेचा डाग त्या दुपारी गेला. बाकी कशासाठी नाही तरी एवढ्यासाठी मी या माणसाची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं.

अमरावतीची एक संस्था खेड्यांतल्या मजूर बायकांसाठी दुपारचे वाचनवर्ग चालवायची. त्यांना वाचनाचं नवं पुस्तक काढायचं होतं. तिथल्या मॅडमनी भाऊंच्या पाट्या लहानपणापासून पाहिलेल्या. त्या म्हणाल्या, पुस्तक तुमच्या अक्षरात करू, पण अट एक. नमुन्याची पानं छापू, वर्गातल्या बायका वाचतील, त्यांना जमलं तर तुमची अक्षरं, नाही तर कॉम्प्युटरसोबत फुकट येतात ती आहेतच. भाऊंना अट भलतीच आवडली. बारा वर्षं ते या अक्षरांवर बसले होते, पाटीसाठी नाही, पुस्तकासाठी. आणि घाई होती, कारण काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. म्हणजे ही शेवटची अक्षरं. पुन्हा काढणं नाही.

त्यांनी काढलेले मोठे कागद मी स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर कडेनं रेघ फिरवून अक्षर बनवायची. काम करताना मला दिसायचं की जिथं दोन रेघा एकमेकींना मिळतात, तिथं कोपऱ्यात बारीक खाच पडलेली आहे. उंदरानं कुरतडावं तशी. 'भ'च्या गाठीत, 'ध'च्या मानेत, जवळजवळ प्रत्येक अक्षरात. भाऊंचा हात तेव्हा थरथरायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात घसरला. मला त्यांची कीव आली. हो, कीवच, खरं तेच लिहिते. मी बीएस्सी कॉम्प्युटर. रेघ कशी साफ करायची ते मला येत होतं. सात महिने बसून मी एकेका अक्षराच्या खाचा बुजवल्या. आणि त्यांना बोलले नाही, का तर त्यांना वाईट वाटेल.

ते स्क्रीनकडे बघत नसत. "त्या पेटीत उजेड मागून येते. अक्षरावर उजेड समोरून पडाले पायजे," म्हणायचे. घरच्या प्रिंटरवर काढलेले कागद मात्र नाकाला लावून पाहायचे. त्यांवर अक्षरं लखलखीत दिसायची आणि खाचांएवढं बारीक त्यांना दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, खाचांबद्दल सांगायची गरज नाही, हे कोणालाही कळतं. मला वाटलं, विचारायची गरज नाही, मी शिकलेली आहे.

नमुन्याची पानं अमरावतीच्या प्रेसमध्ये छापली, पुस्तकाला लागणार होता त्याच स्वस्त, पिवळट कागदावर. अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यात, समाजमंदिरात वाचन ठेवलं. पंधरा-सोळा बायका चटईवर. मॅडम खुर्चीवर. भाऊ मागे भिंतीला टेकून, डोळे मिटून. "पाहत नाही का?" मी विचारलं. म्हणाले, "पाहून काय करू? वाचताना ऐकू येते."

पुढे बसलेली सिंधूबाई पहिली उठली. पन्नाशीची, खमकी, वर्गात सगळ्यांत पुढे असलेली. पान डोळ्यांपुढे धरलं आणि सुरू केलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत थांबली. पुन्हा मागून आली, पुन्हा तिथंच थांबली. पान दूर धरलं, जवळ धरलं. बाजूची म्हणाली, "वाच ना वं." सिंधूबाई पुढे सरकली, चार शब्द चालली, आणि अडली.

मागून भाऊ हळूच म्हणाले, "भ." थोड्या वेळानं, "आता ध." त्यांना न पाहता कळत होतं ती कुठं अडतेय.

सिंधूबाईनं पान खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "माह्याच डोक्यात भुसा हाये," ती म्हणाली. "काल तं येत होतं. बुकातलं चुकत नसते माय, आपलंच चुकते."

दुसरी उठली, तिचंही तेच. तिसरी उठलीच नाही. म्हणाली, "सिंधूले नाई आलं तं मले काय येते?"

मी एक पान उचललं आणि उजेडात नेलं. स्वस्त कागदानं शाई प्यायली होती आणि शाई पसरली होती. 'भ'ची गाठ भरून काळी झालेली. 'ध' आणि 'घ' जुळी भावंडं. प्रत्येक कोपऱ्यात शाईचा गोळा, बरोबर तिथं जिथं मी खाच बुजवली होती. मला सगळं एकदम कळलं. बियाण्याच्या कापडी थैलीवर शाई पसरते. ज्या माणसानं उमेदीची वर्षं थैल्यांवर काढली, त्यानं पसरणाऱ्या शाईसाठी आधीच जागा सोडून ठेवली होती.

मॅडमनी तोवर प्रेसवाल्याला फोन लावला होता. "अहो, शाई एवढी सोडतात का? सगळं डबडबलंय!" पलीकडून तो बिचारा काहीतरी सांगत होता. मी गप्प बसले असते तर भागलं असतं. प्रेसवाल्यावर गेलं असतं, आणि भाऊंना तेवढं बारीक दिसत नव्हतं. पण सिंधूबाई चटईवर बसून बोटानं डोकं टोकरत होती, आणि ते वाक्य माझ्या आईचं होतं. दवाखान्यात, बँकेत, तलाठ्याकडे, कागद कळला नाही की ती हेच म्हणते. आपलंच चुकते.

भाऊ उठून सिंधूबाईजवळ आले, उकिडवे बसले. "बाई, तुहं काईच चुकलं नाई. अक्षर चुकलं. अन् अक्षर म्या काढलं."

"भाऊंनी नाही," मी म्हटलं. "त्यांनी बरोबर काढलं होतं. कोपऱ्यांत खाचा होत्या. मला वाटलं हात थरथरून पडल्या. मी बुजवल्या."

मॅडमनी फोन खाली घेतला. भाऊंनी माझ्याकडे तोंड केलं. मी दिसत असेन की नाही, ठाऊक नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

ते उठून पुन्हा भिंतीशी गेले. मॅडमनी मुदत घातली. पंधरा दिवस आहेत, त्या म्हणाल्या. पंधरा दिवसांनी कापसाची वेचणी लागते, या सगळ्या वावरात जातात, मग वर्ग थेट संक्रांतीनंतर. तेवढ्यात होत असेल तर पुन्हा या, नाही तर मी साधी अक्षरं लावते, मला पुस्तक थांबवता येणार नाही.

बसमध्ये भाऊ खिडकीशी बसले. मी शेजारी. अंजनगाव सुटलं, पथ्रोटकडून येणारी एक केळीची गाडी आडवी आली, बस थांबली, निघाली. नोकरी गेली, हे मी धरूनच चालले होते. तिचं एवढं वाटत नव्हतं. बारा वर्षं एका माणसानं डोळे घालवले आणि मी कीव करून त्याच्या कामावर बोळा फिरवला, याचं वाटत होतं. अकोटच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते म्हणाले, "सात महिने लागले ना तुले?"

"हो."

"मंग बुजवाले हात बसला असन. आता उकराले बस."

दहा-बारा दिवस मी त्यांच्या घरीच राहिले. काकूंनी आतल्या खोलीत माझी गादी टाकली. मूळ कागद होते, पण त्यांवरच्या खाचा जशाच्या तशा उचलून चालत नव्हतं. त्या हाताच्या सवयीनं थैलीच्या हिशेबानं पडलेल्या. या कागदाला, या शाईला किती खोल पाहिजे, हे नव्यानं ठरवायचं होतं, आणि ठरवणाऱ्याला दिसत नव्हतं. मग भाऊंनी रीत काढली. मी कॉम्प्युटरवर खाच करायची, अक्षर मोठं काढून पुठ्ठ्यात कापायचं आणि त्यांच्या हातात द्यायचं. ते अंगठ्याच्या शेजारच्या बोटानं कडेकडेनं फिरायचे. कोपऱ्याशी आले की थांबायचे. मग खाचेत ज्वारीचा दाणा ठेवून पाहायचे.

"एक बसला पायजे. दोन बसले तं अक्षराले भोक दिसन. एकही नाई बसला तं शाई माजन. हे पाय, इथी दाणा घसरून राहिला. घे वापस."

काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आधी वाटीनं ज्वारी नेत होते, आता दाण्यावर आले. म्हातारपणी खर्च कमी झाला बाप्पा."

त्या दिवसांत मी जे शिकले ते कुठल्या कॉलेजात शिकले नसते. आणि कॉलेजाला मी कमी लेखत नाही. माझ्या डिग्रीनंच मला त्या दारापर्यंत नेलं. पण डिग्रीनं मला रेघ साफ करायला शिकवलं होतं, आणि या माणसानं आधी रेघेला विचारायला शिकवलं, की तू अशी का. आज अमरावतीत माझं स्वतःचं काम आहे. तीन लिप्यांची अक्षरं मी बनवली, चार मुली माझ्याकडे शिकतात. कोणाच्याही कागदातलं मला न समजलेलं काहीही मी आधी साफ करत नाही. फोन करून विचारते. लोकांना वाटतं बाई हळू काम करते. करते.

भाऊंनी मला ती चूक कधी विसरू दिली नाही, हेही लिहिलं पाहिजे. पुढची कित्येक वर्षं घरी कोणीही आलं, पेंटर असो, प्राध्यापक असो, गॅसवाला असो, भाऊ माझी ओळख करून द्यायचे, "हे आमची पोरगी. हिनं माह्या सगळ्या खाचा बुजवल्या होत्या." मला भुईत गाडल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "भाऊ, माझी दुसरी काही ओळखच नाही का?" ते चकित झाले. "अवं, पुढचं तू ऐकतच नाई. तू आत निघून जातं. मी पुढी सांगतो ना, अन् भर सभेत हिनंच सांगतलं म्हणून." खरंच, मी कधी पुढचं ऐकलं नव्हतं.

वेचणी लागायच्या दोन दिवस आधी आम्ही नवी पानं घेऊन पुन्हा त्या खेड्यात गेलो. तोच प्रेस, तोच पिवळट कागद, तीच शाई. तेच समाजमंदिर. भाऊ त्याच भिंतीला टेकले. मॅडम म्हणाल्या, "सिंधूबाई, वाचता का?"

"मी नाई," सिंधूबाई म्हणाली. "मागच्या टायमाले झालं तेवढं पुरे झालं."

भाऊ मागून म्हणाले, "बाई, या खेपेले अडलीस तं मले शिव्या दे. पण डोक्याले बोल लावू नको."

बायका हसल्या. सिंधूबाई कुरकुरत उठली. पान धरलं. धडा एका बाईच्या दिवसाचा होता. रमा पहाटे उठते. रमा सडा टाकते. रमा भाकरी थापते. रमा घागर भरून आणते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. 'भाकरी' आली, गेली. 'धुणं' आलं, गेलं. मी श्वास धरून 'घागर' येण्याची वाट पाहत होते. ती कधी गेली मला कळलंही नाही. सिंधूबाईचं बोट ओळीवरून चालत होतं, मग बोटही सुटलं. रमा वावरात जाते. रमा परत येते. रमा भांडी घासते. रमा सर्वांना जेवू घालते आणि आनंदाने झोपते. ती शेवटच्या पूर्णविरामापर्यंत आली आणि पान उलटं करून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं.

मॅडम पुढे झुकल्या. "कशी आहेत अक्षरं? ओळखायला सोपी गेली का?"

"कोणते अक्षर?" सिंधूबाई म्हणाली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं पान मॅडमसमोर धरलं आणि त्यावर बोट आपटलं. "मॅडम, हे बुक चुकलं हाये. सगळं काम रमाच करून राहिली. इचा नवरा कुठी गेला? म्या पुरं वाचलं, कुठीच नाई थो. अन् एवढं करून आनंदानं झोपते म्हणते! कोणं लिवलं हे?"

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. बाजूची म्हणाली, "मेला असन नवरा." दुसरी म्हणाली, "मेला असता तं कुकू काहून काढलं इच्या चित्रात? पाय ना."

मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं, धडा त्यांनीच लिहिला होता.

भाऊ भिंतीला टेकून हसत होते. आवाज न करता, सगळं अंग हलवत, चष्मा काढून डोळे पुसत. मी त्यांना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. हसू आवरल्यावर ते म्हणाले, "मॅडम, धडा बदला. अक्षर राहू द्या."

पुस्तक छापून आलं, तेव्हा पाचव्या धड्यात रमाचा नवरा घागर घेऊन नळाच्या रांगेत उभा होता.